खुंटीवरचा ब्रश

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण केवळ वैद्यांपुरतीच खरी असती, तर तिच्याबद्दल फारसें वाईट वाटून घेण्याचें कारण नव्हतें. कारण वैद्यास तोंड असतें, व आपला मोबदला मागून घेण्याची युक्तीही त्यास अवगत असते. परंतु ज्या वस्तूंना तोंड नाहीं, त्यांच्या बाबतींत ही म्हण आपण रोज सकाळीं किती निर्दयपणें आचरीत असतों, हें पाहावयाचें असेल तर आपल्या दाढीच्या ब्रशाकडे एकदां पाहावें. दाढी होईपर्यंत त्याचें कौतुक केवढें! त्याच्यासाठीं ऊन पाणी, त्याच्यासाठीं सुवासिक साबण, आणि तो गालांवरून फिरूं लागला म्हणजे अर्धवट मिटलेले आपले डोळे! पण दाढी संपली रे संपली, कीं तोच ब्रश कसाबसा नळाखालीं धरावयाचा, आणि ओला चिंब असतांनाच आरशामागच्या कपाटांत लोटून दार लावून घ्यावयाचें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां गरज पडेपर्यंत आंत त्याचें काय झालें, याची विचारपूस कोणीही करीत नाहीं.

असल्या क्षुल्लक विषयावर मासिकाचीं चार पानें खर्चीं घालावीं काय, असें एखादा गंभीर वाचक विचारील. त्यास आमचें उत्तर एवढेंच आहे, कीं एक ब्रश न वाळवितां ठेवल्याचें शल्य आम्ही जवळजवळ पन्नास वर्षें उराशीं बाळगून आहों. तें कसें, हें ओघानें येईलच. तोंपर्यंत विषयाचा लहानपणा वाचकांनीं पोटांत घालावा, अशी विनंति आहे.

आमचें बालपण कोंकणांत गेलें. आमचे तीर्थरूप, ज्यांना आम्ही नाना म्हणत असूं, गांवच्या शाळेंत मास्तर होते. त्या वेळीं, म्हणजे १९६० च्या सुमारास, आमच्या गांवांतील बरीच वडीलधारी मंडळी न्हाव्याच्याच हातून श्मश्रू करवून घेत. ठरलेल्या वारीं तो धोकटी घेऊन अंगणांत येई, आणि वस्तऱ्याबरोबर गांवच्या बातम्याही चालत. १९०३ सालीं अमेरिकेंत किंग जिलेट यांचा सेफ्टी रेझर विक्रीस आला, आणि त्यानंतर हळूहळू जगभर दाढी हें दुसऱ्याकडून करवून घेण्याचें काम न राहतां ज्याचें त्यानें करण्याचें झालें. ती लाट आमच्या गांवीं पोंचण्यास साठ वर्षें लागलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. नाना एकदां शाळेच्या कामासाठीं मुंबईस गेले, ते येतांना दाढीचें सामान घेऊन आले: एक रेझर, पात्यांचें पुडकें, एक पितळी वाटी, वीतभर आरसा, तुरटीचा खडा आणि एक ब्रश. ब्रशाची मूठ लांकडी व काळ्या रंगाची होती. केस पिंवळट आणि राठ होते.

'हे केस कशाचे रे?' असें आजीनें पहिल्याच दिवशीं विचारलें. नानांना खोटें बोलण्याची संवय नव्हती. ते म्हणाले, 'डुकराचे.' झालें! त्या एका शब्दानें ब्रशाचें भवितव्य ठरून गेलें. ज्या घरांत सोंवळ्याओंवळ्याचे नियम चुलीपासून विहिरीपर्यंत पसरलेले, त्या घरांत असली वस्तु उंबऱ्याच्या आंत येणें शक्यच नव्हतें. आजीनें निकाल दिला, कीं ब्रशानें पडवींतच राहावें, ओटीवरही चढूं नये. पडवीच्या टोंकाला, जेथें इरलीं आणि छत्र्या टांगलेल्या असत, तेथील एक खुंटी त्यास नेमून मिळाली. नानांनीं मुठीच्या मानेला सुतळीचा फांसा बांधला, आणि केस खालीं करून ब्रश तेथें लोंबत ठेवला. शिवाय मंगळवार, शनिवार, एकादशी आणि अमावास्या या दिवशीं घरांत कोणीं क्षौर करावयाचें नाहीं, हा दंडक होताच; तो आजीनें नव्या रेझरासही लागू केला.

या दोन्ही आज्ञांच्या मुळाशीं ब्रशाचा तिरस्कार होता, पण त्यांत हित त्याचेंच झालें. पडवी तिन्ही बाजूंनीं मोकळी; दिवसभर तेथें खाडीवरचा वारा वाहे. आठवड्यांतून दोनतीन दिवस त्यास सक्तीची विश्रांति मिळे, व तेवढ्या अवधींत तो मुळापर्यंत सुके. परिणाम असा झाला, कीं वाळींत टाकलेला तो ब्रश चांगला सतरा वर्षें टिकला. यावरून सोंवळें हें शास्त्र होतें, असा सिद्धान्त मात्र कोणीं काढूं नये. नियमाचें कारण एक होतें आणि फायदा भलताच झाला. अशा योगायोगास शास्त्र म्हणण्याची घाई आपल्याकडे फार होते.

अर्थात् केवळ खुंटीच्या पुण्याईवर ब्रश टिकला नाहीं. खुंटीवर जाण्यापूर्वीं त्याची जी व्यवस्था होई, तिचाही त्यांत मोठा वांटा होता. दाढी झाली, कीं नाना प्रथम वाटींतलें फेसाचें पाणी टाकून स्वच्छ कोमट पाणी घेत, आणि ब्रश त्यांत बुचकळून केसांच्या मुळाशीं अंगठा व दोन बोटें यांनीं हलकेंच दाबीत. पाण्यास दुधाळपणा आला, कीं तें टाकून दुसरें घेत. पाणी नितळ राहीपर्यंत हें चाले. मग केस मुठींत धरून पाणी काढीत. तेंही धोतरासारखा पीळ घालून नव्हे, तर गाईची धार काढावी तसें मुळाकडून टोंकाकडे दाबीत नेऊन. त्यानंतर पडवीच्या कडेला उभे राहून, तुळशीकडे शिंतोडे जाणार नाहींत अशा बेतानें, मनगटाच्या हिसक्यानें तीन झटके. शेवटीं कोरड्या पंच्यावर केस इकडून तिकडे चारदोनदां फिरवून, चिकटलेला झुबका मोकळा करून, मगच ब्रश खुंटीवर जाई. साऱ्या प्रकारास एखादें मिनिट लागत असेल. आम्ही मुलें त्या तीन झटक्यांची नक्कल करून हंसत असूं.

या एका मिनिटांत नाना जें करीत होते, त्यामागचें शास्त्र आम्हांस पुढें पुष्कळ वर्षांनीं समजलें. प्राण्याचा केस हा केराटिन नांवाच्या द्रव्याचा बनलेला असतो, आणि त्यास पाण्याची मोठी ओढ असते. माणसाचाच केस पुरता भिजूं दिला, तर तो आपल्या वजनाच्या सुमारें ३० टक्के पाणी पितो, व लांबीपेक्षां जाडीनें अधिक फुगतो. ज्या गुणामुळें ब्रश आपल्यासाठीं पाणी धरून ठेवतो, त्याच गुणामुळें तो वाळावयास वेळ लावतो. शिवाय केसांच्या आंत शिरलेलें पाणी वेगळें, आणि केसाकेसांमधल्या फटींत अडकलेलें वेगळें. हें दुसरें पाणी, दिव्याच्या वातींत तेल ज्या गुणानें वर चढतें त्याच गुणानें, फटींत धरून राहतें, आणि खालीं ओढणाऱ्या गुरुत्वाकर्षणास जुमानीत नाहीं.

म्हणून ब्रश उलटा टांगावा कीं मुठीवर उभा ठेवावा, या वादांत आम्हांस फारसा अर्थ दिसत नाहीं. न झटकतांच ठेवावयाचा असेल तर टांगलेला बरा. कारण मग मोठे थेंब तरी मुळाकडे न जातां खालीं गळतील. परंतु नीट झटकून पुसलेल्या ब्रशांत गळण्याजोगें पाणी उरतच नाहीं. जें उरतें तें वाऱ्यानेंच जावयाचें. तो उभा असो, कीं फांशाला लोंबत असो, भोंवतीं हवा खेळती असली म्हणजे झालें. आमच्या खुंटीचा गुण उलटें टांगण्यांत नव्हता, तो पडवीच्या वाऱ्यांत होता. ऊन मात्र नको. कडक उन्हांत किंवा चुलीजवळ वाळविलेल्या ब्रशाचे केस ठिसूळ होतात, आणि लांकडी मुठीस तडे जातात. ब्रश म्हणजे पापड नव्हे. त्यास ऊन नको, वारा पाहिजे.

सर्वांत जपावयाचें तें मूळ. केसांचा झुबका मुठीच्या खळग्यांत चिकटवून बसविलेला असतो. टोंकें वाळून गेलीं तरी तेथें ओल राहते, आणि वरवर हात लावणारास ब्रश कोरडा वाटतो. तेथेंच साबणही सांचतो. विहिरीचें किंवा बोअरचें पाणी जड असेल, ज्यास शाळेच्या पुस्तकांत दुष्फेन म्हणतात, तर त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांशीं साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरा साका तयार होतो, आणि केसांच्या मुळाशीं त्याचा थर बसतो. मग ब्रश फेस कमी देऊं लागतो, व आपण दोष साबणाला देतों. अशा वेळीं कोमट पाण्यांत थोडेंसें व्हिनेगर घालून त्यांत केस पांचदहा मिनिटें बुडवावे, मूठ बुडवूं नये, आणि मग स्वच्छ पाण्यानें धुवून टाकावे. उकळतें पाणी कधींही वापरूं नये. त्यानें केसही बिघडतात आणि मुळाचें चिकटवणही सुटतें. रोज दाढी करणारानें दोन ब्रश ठेवून आळीपाळीनें वापरावे, म्हणजे आजीच्या एकादशीचें काम पंचांगावांचून होतें. प्रवासांत ओला ब्रश डबींत घालणें भागच पडलें, तर मुक्कामीं पोंचतांच सर्वांआधीं तो बाहेर काढावा.

ब्रश कशाचाही असो, हा नियम बदलत नाहीं. डुकराचा केस राठ खरा, पण वापरानें त्याचें टोंक दुभंगत जातें आणि तो दिवसेंदिवस मऊ होतो. बॅजर नांवाच्या बिळांत राहणाऱ्या प्राण्याच्या केसाचें टोंक उपजतच निमुळतें व मऊ असतें. म्हणून चांगला कारागीर तें कधीं कातरीत नाहीं, झुबक्यास घुमटाचा आकार द्यावयाचा तो केस सांच्यांत बसवूनच देतो. अमेरिकेंत १९३८ सालीं नायलॉनचे केस प्रथम दांतांच्या ब्रशांत आले, आणि आतां दाढीच्या ब्रशांतही कृत्रिम धागे सर्रास असतात. ते स्वतः पाणी फारसें पीत नाहींत, म्हणून लवकर वाळतात, पण फटींतलें पाणी त्यांनाही चुकलेलें नाहीं. उत्तर प्रदेशांतील बिजनौर जिल्ह्यांत शेरकोट नांवाचें गांव ब्रश बनविण्याच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे. असले झुबके बांधण्यांत ज्यांचे दिवस जातात त्या हातांचा विचार मनांत आला, म्हणजे आपलें एक मिनिट फार वाटेनासें होतें.

मात्र वाळविणें म्हणजे शुद्ध करणें नव्हे, हेंही येथें सांगितलें पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांत व अमेरिकेंत दाढीच्या नव्या ब्रशांपासून अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडे गुरांना होणारी काळपुळी, माणसांस झाल्याचीं उदाहरणें घडलीं. युद्धामुळें नेहमींचा माल मिळेनासा झाला, आणि परदेशांतून आणलेल्या घोड्याच्या स्वस्त केसांचे ब्रश, बॅजराचे दिसतील असे करून, बाजारांत आले. त्यांतील कांहींचे केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. दाढी करतांना कातडीला ज्या बारीक चिरा पडतात, त्यांतून रोग आंत शिरे. या जंतूंचीं बीजें कोरडेपणानें मरत नाहींत; वर्षानुवर्षें तग धरून राहतात. केस व लोंकर यांतून येणाऱ्या या रोगास आळा घालण्यासाठीं इंग्लंडनें १९१९ सालीं कायदाही केला. आज ब्रशाचे केस आधीं निर्जंतुक करून घेण्याची रीत पडलेली आहे, तेव्हां घाबरण्याचें कारण नाहीं. पण एखाद्या जुन्या पेटींत १९३० पूर्वींचा ब्रश सांपडला, तर तो आठवण म्हणून ठेवावा, गालाला लावूं नये. वाळविल्यानें ब्रशाचें आयुष्य वाढतें एवढेंच. त्याची स्वच्छता हें वेगळें कर्तव्य आहे, आणि तें आधीं करावयाचें असतें.

आतां आमच्या शल्याकडे वळतों. १९७८ च्या उन्हाळ्यांत नाना अंथरुणाला खिळले. आम्ही त्या वेळीं मुंबईस नोकरींत होतों. रजा घेऊन गांवीं आलों. आजी त्यापूर्वींच वारली होती, पण ब्रशाची खुंटी बदलली नव्हती. नानांचा हात कांपूं लागल्यामुळें त्यांची दाढी करण्याचें काम आम्हांकडे आलें. ज्यांच्यापुढें उभें राहून बोलण्यासही आम्ही लहानपणीं कचरत असूं, त्यांची हनुवटी दोन बोटांनीं धरून वर करावयाची, हें प्रथम फार अवघड वाटलें. 'भितोस काय? साबण जास्त लाव,' असें म्हणून पहिल्या दिवशीं त्यांनींच धीर दिला. पुढें पुढें ती वेळ आम्हां दोघांनाही आवडूं लागली. बोलणें फारसें होत नसे. पात्याची खरखर आणि बाहेर पागोळ्यांचा आवाज, एवढेंच ऐकूं येई.

आषाढांतल्या एका सकाळीं दाढी आटोपली, तेव्हां बाहेर मुसळधार पाऊस लागला होता, व पडवीभर झड येत होती. आम्हीं ब्रश पाण्यांतून काढला, आणि भिजत पडवींत जाण्याचा कंटाळा येऊन तसाच दाढीच्या पत्र्याच्या डब्यांत टाकला. नाना डोळे मिटून पडले होते. डब्याचें झांकण लागल्याचा आवाज त्यांच्या कानांवर गेला असावा. कारण डोळे न उघडतांच त्यांनीं विचारलें, 'ब्रश झटकलास का?' आम्ही म्हणालों, 'हो, नाना.' त्यांनीं किंचित् मान हलविली, आणि ते झोंपीं गेले. त्याच रात्रीं ते वारले. त्यांचें आमच्याशीं शेवटचें बोलणें झालें तें हेंच, आणि आम्हीं त्यांस दिलेलें शेवटचें उत्तर खोटें होतें.

पुढचे दिवस कसे गेले, हें सांगण्याचें कारण नाहीं. दहाव्या दिवशीं नदीकाठीं आमचें क्षौर झालें. त्या वेळींही घरच्या डब्यांतल्या ब्रशाची आठवण झाली नाहीं. तेरावा आटोपल्यावर आईनें तो डबा आमच्या हातीं दिला आणि म्हणाली, 'हा तुझ्यापाशीं असूं दे.' आम्हीं तो मोठ्या भक्तीनें कापडांत गुंडाळला, ट्रंकेंत कपड्यांच्या तळाशीं ठेवला, आणि मुंबईस आणून कपाटांत कुलपांत घातला. नानांची वस्तु कोणाच्या हातीं लागूं नये, वापरानें झिजूं नये, एवढाच हेतु होता. दिवाळीच्या आधीं घराची साफसफाई निघाली, तेव्हां डबा उघडला. आंतून कुबट वास आला. केसांच्या मुळाशीं हिरवट काळी बुरशी चढली होती. मूठ उभी चिरली होती. आणि ब्रश उचलतांच झुबक्यांतले अर्धे केस डब्यांतच राहिले. डुकराचा म्हणून उंबऱ्याबाहेर टांगलेला ब्रश सतरा वर्षें नांदला. वडिलांचा म्हणून कुलपांत ठेवलेला तोच ब्रश चार महिनेही टिकला नाहीं.

त्या दिवसापासून 'जपणें' या शब्दाचा अर्थ आम्ही निराळा करूं लागलों आहों. वस्तु झांकून, गुंडाळून, कोंडून ठेवली म्हणजे ती जपली, अशी आपली समजूत असते. आणि प्रेम जितकें अधिक तितकें कुलूप मोठें. पण जी वस्तु ओली आहे तिला कोंडणें, म्हणजे तिच्याच ओलाव्यांत तिला कुजविणें होय. जपणें हें एकदांच करून मोकळें होण्याचें काम नव्हे. रोज धुणें, झटकणें, पुसणें आणि वाऱ्यावर ठेवणें, असें तें थोडें थोडें करावयाचें असतें. त्यांत भक्तीचा देखावा नाहीं, म्हणूनच तें आपल्या हातून राहून जातें. नानांनीं त्या ब्रशास कधीं मौल्यवान मानलें नाहीं. ते त्यास फक्त न चुकतां झटकीत असत.

सध्यां आमच्या बिऱ्हाडास पडवी नाहीं. न्हाणीघरास झरोका आहे, पण तेथें ऊन पाण्याची वाफ दुपारपर्यंत कोंडलेली असते. म्हणून मागच्या गॅलरींत, जेथें कपडे वाळत घालतात, तेथें आम्हीं एक खिळा ठोकून घेतला आहे. पावसाळ्यांत जेव्हां कपडेही दोन दोन दिवस वाळत नाहींत, तेव्हां ब्रश रात्रीं पंख्याच्या वाऱ्यांत उभा करून ठेवतों. घरांतील मंडळी यास म्हातारपणाचा छंद म्हणतात, आणि आमचा नातू त्या तीन झटक्यांची नक्कल करून हंसतो. आम्ही त्यास हंसूं देतों. खालच्या मजल्यावरील मंडळींचे कपडे सांभाळून, गॅलरीच्या कडेला उभे राहून मनगटास हिसका देतांना, नानांचा तो प्रश्न आम्हांस रोज ऐकूं येतो; आणि त्याचें उत्तर आतां आम्हांस खरें देतां येतें.